नोव्हेंबरातच संघ कसा ओळखायचा: मॅकी अरिनातली माझी वही

२०२४च्या नोव्हेंबरातली गोष्ट. शुक्रवारी, १५ तारखेला, अमेरिकेतल्या इंडियानामधल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने आपल्या मॅकी अरिनात देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अलाबामाला ८७-७८ असं हरवलं. माझा भाचा त्याच वर्षी इथे एमएसला आलेला. पेंट क्रूमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये, दोन तास उभा राहून ओरडला होता. रात्री त्याचा फोन आला, आवाज पार बसलेला. "मावशी, यंदा फायनल फोर पक्कं!" म्हणजे मार्चमध्ये सुरू होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांत जागा. चारच दिवसांनी, मंगळवारी, मिलवॉकीत मार्केट विद्यापीठाच्या संघाने आम्हाला ७६-५८ असं धुतलं. पुन्हा फोन. "मावशी, संपलं सगळं. झॅक एडी गेला, त्याच्याबरोबर टीमही गेली."

मी त्याला एवढंच विचारलं, "पाच मॅच झाल्या. आपण बॉल किती वेळा हातचा घालवला? समोरच्यांना रिंगजवळ किती सोपे बास्केट दिले?" त्याला सांगता येईना. मी म्हटलं, "म्हणजे तुला निकाल माहीत आहेत, संघ अजून माहीत नाही. शनिवारी जेवायला ये आणि एक शंभरपानी वही घेऊन ये."

त्या शनिवारी आणि पुढचा महिनाभर मी त्याला जे शिकवलं, ते इथे लिहून ठेवते आहे. मी २०११ साली नागपूरहून पर्ड्यूला शिकायला आले आणि नोकरी लागल्यावर लाफायेटमध्येच राहिले. तेव्हापासून दर हिवाळ्यात माझी एक वही भरते. ही सवय बाबांची. नागपुरात जिल्हा स्पर्धा असल्या की ते टेबलवर बसून स्कोअरशीट भरायचे आणि मी शिवाजीनगरच्या मैदानावर त्यांच्या शेजारी पेन्सिली टोकदार करून द्यायचे. मॅच संपली की लोक जिंकणाऱ्यांकडे धावायचे, बाबा मात्र शीट पुन्हा वरून खाली वाचायचे. आजही पर्ड्यूची संध्याकाळी सातची मॅच असली की नागपुरात पहाटे साडेपाचला त्यांच्या खोलीतला दिवा लागतो.

मी पर्ड्यूबद्दल लिहिणार, कारण मला तोच संघ आतून माहीत आहे. तुमचा संघ कॅन्सस असो, ड्यूक असो की अॅरिझोना, पद्धत हीच लागू पडेल.

मोसम सुरू होण्याआधीचं पान

पहिलं पान ऑक्टोबरात भरायचं, पहिली मॅच व्हायच्या आत. डावीकडे गेलेले खेळाडू, उजवीकडे आलेले, आणि मध्ये राहिलेले. प्रत्येकाच्या नावापुढे मागच्या वर्षी त्याने दर मॅचला किती मिनिटं खेळून काढली ते लिहायचं. मॅच चाळीस मिनिटांची, मैदानावर पाच जण, म्हणजे वाटायला दोनशे मिनिटं. त्यातली किती मिनिटं घरात राहिली आणि किती दुसरीकडून आणावी लागणार, एवढा हिशेब झाला की नोव्हेंबरातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आधीच मिळतात. २०२१मध्ये खेळाडूंना एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली आणि ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, संघच्या संघ बदलू लागले. मागच्या वर्षीच्या आठवणीवर यंदाचा संघ जोखायला गेलात तर फसाल.

भाच्याने आपलं पान असं भरलं. गेले: सात फूट चार इंचांचा एडी, दर मॅचला २५ गुण आणि १२ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले बॉल) देणारा, दोन वर्षं लागोपाठ देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. शिवाय लान्स जोन्स आणि मेसन गिलिस. राहिले: ब्रेडन स्मिथ, फ्लेचर लॉयर, ट्रे कॉफमन-रेन. आले: नवे फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचे खेळाडू, त्यातला डॅनियल जेकबसन एडीएवढाच उंच. आता या पानावर एक घाव. मोसमातल्या दुसऱ्याच मॅचला, ८ नोव्हेंबरला, जेकबसनच्या पायाचं हाड मोडलं आणि त्याचं वर्ष संपलं. म्हणजे मार्केटच्या मॅचआधीच पान सांगत होतं की रिंगजवळ उभा राहणारा उंच माणूस या संघाकडे उरलेला नाही.

याच पानाच्या तळाशी तीन भाकितं लिहायची. मोघम नकोत. "संघ चांगला खेळेल" याला काही अर्थ नाही. "स्मिथच्या हातात बॉल असताना आक्रमणाची काळजी नाही, पण बचावात आत शिरणाऱ्यांना कोणी अडवणार नाही" असं काहीतरी, जे पुढे खरं ठरलं की खोटं हे ठरवता येईल.

समोर कोण होतं आणि कुठे

हे लवकर आटपू, कारण पुष्कळांना माहीत असतं. कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात वरच्या, म्हणजे पहिल्या डिव्हिजनमध्ये साडेतीनशेहून जास्त संघ आहेत आणि नोव्हेंबरात मोठी कॉलेजं छोट्यांना पैसे देऊन आपल्या घरी खेळायला बोलावतात. अशा मॅचमधला तीस गुणांचा विजय वहीत एका ओळीपेक्षा जास्त जागा खाता कामा नये. त्यात बघायचं ते एवढंच, की कोच कोणाला कोणाबरोबर खेळवून पाहतो आहे.

घरच्या मैदानाचं मोल साधारण तीन गुण धरा. तटस्थ मैदान शून्य, परक्या घरी उणे तीन. मॅकीमध्ये चौदा हजारांवर माणसं आवाज करतात, तिथे अलाबामाला नऊने हरवणं म्हणजे तटस्थ ठिकाणी सहाने हरवल्यासारखं. मार्केटकडे अठराने हरणं म्हणजे पंधराने. तरीही हार मोठीच होती, पण भाच्याच्या मनातलं सत्तावीस गुणांचं अंतर एकवीसवर आलं आणि त्याचा श्वास जरा खाली बसला.

खरं सोनं असतं ते नोव्हेंबरातल्या तीन-तीन दिवसांच्या स्पर्धांत. तीन चांगले संघ, तटस्थ मैदान, तयारीला एकच दिवस. २०२२ साली एपी या वृत्तसंस्थेच्या मोसमाआधीच्या क्रमवारीत पर्ड्यू पहिल्या पंचविसात नव्हतं. त्या नोव्हेंबरात पोर्टलंडला जाऊन त्यांनी वेस्ट व्हर्जिनिया, गोंझागा आणि ड्यूक अशा तिघांना ओळीने हरवलं, गोंझागाला १८ने आणि ड्यूकला १९ने. असं काही दिसलं की विश्वास ठेवायचा.

बॉक्स स्कोअरमधून, म्हणजे मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यातून, चार गोष्टी

डीन ऑलिव्हर नावाच्या माणसाने बास्केटबॉलच्या आकड्यांतून चार गोष्टी वेगळ्या काढल्या: फेकी किती पडल्या, बॉल किती घालवला, स्वतःच्या हुकलेल्या फेकींचे रिबाउंड किती परत मिळवले, आणि फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या, रेषेवर किती वेळा गेलो. याच क्रमाने त्यांचं महत्त्व. चारही दोन्ही संघांसाठी काढायच्या, म्हणजे आठ आकडे. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचं काम आहे.

एक उदाहरण सोडवू. समजा आपल्या संघाने ६० फेकी केल्या, २६ पडल्या, त्यातल्या ८ तीन गुणांच्या. फ्री थ्रो २०, त्यातले १५ पडले. टर्नओव्हर, म्हणजे हातचा घालवलेला बॉल, १२. आक्रमणातले रिबाउंड १०. समोरच्यांचे बचावातले रिबाउंड २४.

तीन गुणांची फेक दीडपट मोलाची, म्हणून २६मध्ये ८चे निम्मे, म्हणजे ४, मिळवायचे. ३० भागिले ६०, म्हणजे ५० टक्के. देशाची सरासरी याच्या आसपासच असते. ५५ असेल तर संघ झकास फेकतो आहे, ४५ असेल तर काळजी.

आता आपल्या वाट्याला बॉल किती वेळा आला ते. बॉल आपल्याकडे आल्यापासून समोरच्याकडे जाईपर्यंत एक पझेशन. फेकींतून आपले आक्रमणातले रिबाउंड वजा करा, टर्नओव्हर मिळवा आणि फ्री थ्रोंची ०.४७५ पट मिळवा. ६० वजा १०, अधिक १२, अधिक ९.५. आले ७१.५. गुण झाले ७५. म्हणजे शंभर पझेशनला साधारण १०५ गुण. हा एक आकडा सगळ्या गुणफलकापेक्षा बोलका आहे, कारण कोणी संथ खेळतं, कोणी धावत. ६० गुण देणारा बचाव चांगला आणि ८० देणारा वाईट, असं समजणारी माणसं मॅकीत माझ्या शेजारच्या रांगेतही आहेत. मॅच ६० पझेशनची होती की ७५ची, हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

टर्नओव्हर १२ भागिले ७१.५, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. ठीकठाक. आपल्या १० रिबाउंडना १० अधिक २४ने भागलं तर २९ टक्के. हेही ठीकठाक. फ्री थ्रो २० भागिले फेकी ६०, म्हणजे दर तीन फेकींमागे एक फ्री थ्रो.

प्रत्येक मॅचचे हे आठ आकडे एका ओळीत लिहायचे. पुढच्या मॅचचे त्याखाली. पाच-सहा ओळी झाल्या की उभ्या रकान्यांत डोळा फिरवायचा. जो आकडा प्रतिस्पर्धी बदलला तरी बदलत नाही, तो तुमच्या संघाचा स्वभाव. जो वरखाली उड्या मारतो, त्यावर अजून मत बनवायचं नाही.

कशावर मत बनवायचं नाही

नोव्हेंबरातले बहुतेक वाद तीन गुणांच्या फेकींवरून होतात, म्हणून इथे जरा थांबते.

एक संघ मॅचला वीस वेळा तिथून फेकतो असं धरा. सात पडल्या तर ३५ टक्के, नऊ पडल्या तर ४५. फरक दोन फेकींचा, आणि गुणफलकावर सहा गुणांचा. पाच मॅचमध्ये शंभर फेकी होतात. जो संघ मुळात ३५ टक्क्यांचा आहे, त्याच्या शंभर फेकींत तीस पडल्या काय आणि चाळीस पडल्या काय, दोन्ही सहज घडतं. तेवढ्यावरून "यंदा शूटर नाहीत" किंवा "यंदा आम्हाला कोणी अडवू शकत नाही" असं म्हणणं म्हणजे मृगाच्या पहिल्या सरीवरून पावसाळा सांगण्यासारखं आहे.

समोरच्याच्या तीन गुणांच्या टक्केवारीबद्दल तर आणखी जपून. आपला बचाव त्यांना तिथून किती वेळा फेकू देतो हे आपल्या हातात असतं. त्यातल्या किती पडतात हे फारसं नसतं. कॉलेज बास्केटबॉलच्या आकड्यांचे जाणकार केन पॉमरॉय हे आकड्यांनिशी वर्षानुवर्षं दाखवत आले आहेत. म्हणून वहीत समोरच्यांनी किती फेकल्या हे ठळक लिहा, किती पडल्या हे बारीक. त्यांचे फ्री थ्रो किती पडले यावर तर आपला काहीच ताबा नाही. कोणी २०पैकी १९ टाकून आपल्याला दोन गुणांनी हरवलं, तर तो बचावाचा दोष नव्हे. त्यांना वीस वेळा रेषेवर का पाठवलं, हा प्रश्न मात्र विचारायचा.

मग शूटर ओळखायचा कसा? जुन्या खेळाडूचं मागच्या दोन-तीन वर्षांचं खातं बघा. तिथे शेकडो फेकी असतात, पाच मॅचचा पडता काळ त्यापुढे काहीच नाही. फ्रेशमनचं खातं कोरं असतं, तेव्हा त्याचे फ्री थ्रो बघा. जो पोरगा रेषेवरून ८५ टक्के टाकतो, त्याचा हात चांगला आहे, बाहेरूनही आज ना उद्या पडतीलच. आणि तो मोकळा असताना बिनधास्त फेकतो का, हे बघा. बॉल हातात आल्यावर अर्धा सेकंद घुटमळणारा खेळाडू दिसला की मी त्याच्या नावापुढे टिंब देते. दहा मॅचनंतर ज्याच्यापुढे टिंबं जास्त, त्याची मला काळजी वाटते, टक्केवारी काही का असेना.

अटीतटीच्या मॅचचंही तेच. दोन-तीन गुणांनी जिंकलेल्या तीन मॅच आणि हरलेल्या तीन मॅच यांत संघ म्हणून फारसा फरक नसतो. त्याच नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत सॅन दिएगोमध्ये पर्ड्यूने ओल मिसवर जादा वेळात ८०-७८ अशी मात केली. भाचा नाचत होता. मी वहीत लिहिलं, "बरोबरी."

डोळ्यांनी काय बघायचं

आकडे मॅचनंतरचे. मॅच चालू असताना बॉलच्या मागे डोळे धावतात, आणि शिकायचं ते नेमकं बॉल नसलेल्या बाजूला घडत असतं. मी दर हाफमध्ये पाच मिनिटं अशी ठरवते की तेवढा वेळ एकाच खेळाडूकडे बघायचं, बॉल कुठेही जावो. टीव्हीवर हे कठीण जातं. जागा मिळाली तर वरच्या मजल्यावर बसा, रिंगच्या मागच्या बाजूला. तिकीट स्वस्त आणि मैदानाची सगळी मांडणी नकाशासारखी दिसते.

फेक हुकली की आपले पाच जण काय करतात? कोण मागे धावतो, कोण पाठ लावून समोरच्याला रिंगपासून दूर ठेवतो, कोण नुसता वर बघत राहतो? समोरच्यांनी आडोसा लावून गार्डला, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्याला, मोकळं केलं की आपला उंच खेळाडू किती बाहेर येतो आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या माणसाला कोण झाकतं? ही झाकाझाकी नोव्हेंबरात चुकतेच. बघायचं हे की तीच चूक पुढच्या आठवड्यात तोच खेळाडू पुन्हा करतो का. मॅट पेंटर २००५पासून इथे मुख्य कोच आहेत. त्यांच्या संघात डिसेंबरपर्यंत हे आवाजाने सुधारलेलं कळतं. खेळाडू एकमेकांना ओरडून सांगू लागतात, आणि आवाज वरच्या मजल्यापर्यंत येतो.

मग बेंच. मुख्य गार्ड बाहेर बसला की त्या तीन-चार मिनिटांत गुणफलक किती हलतो, हे घड्याळ बघून लिहा. स्मिथ बाहेर असताना बॉल अर्ध्या मैदानापलीकडे न्यायलाच त्रास होत असेल, तर ते मार्चमध्ये बाधेल. मार्चमध्ये त्याला दोन फाउल लवकर पडले तर पर्याय नाही. कॉलेजमध्ये पाच फाउलला खेळाडू बाद होतो आणि पहिल्या हाफमध्ये दोन झाले की बहुतेक कोच त्याला बसवतात. म्हणून कोणाला फाउल लवकर लागतात, याचा वेगळा रकाना ठेवा.

आणि दबाव. समोरच्यांनी पूर्ण मैदानावर अंगावर धावून येऊन बॉल हिसकायला सुरुवात केली की आपले गार्ड काय करतात? हा रकाना माझ्या वहीत लाल पेनने आहे. त्याचं कारण सांगते.

२०२२ची वही

पोर्टलंडच्या त्या विजयानंतर पर्ड्यू जिंकतच गेलं. १३-०. देशात पहिला क्रमांक. एडी कोणाला आवरत नव्हता. गार्ड मात्र दोघेही फ्रेशमन होते, स्मिथ आणि लॉयर. माझ्या वहीत डिसेंबरच्या पानांवर एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत तीनदा आहे: एडीवर दोघं-तिघं धावून जातात, बाहेरचे मोकळे राहतात, फेकी पडत नाहीत, आणि कोणी अंगावर आलं की पोरं घाबरतात. तीनदा लिहिलं आणि तीनदा पुढचं पान उलटलं, कारण आम्ही जिंकत होतो.

१७ मार्च २०२३ला कोलंबसमध्ये आम्ही पहिले मानांकित होतो आणि समोर सोळावं मानांकन असलेलं फेअरली डिकिन्सन, अख्ख्या डिव्हिजनमधला सरासरीने सगळ्यात बुटका संघ. ते अंगावर धावून आले. पर्ड्यूने बाहेरून २६ फेकल्या, ५ पडल्या. १६ टर्नओव्हर. ६३-५८ हरलो. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्या मानांकिताने पहिल्याला हरवण्याची ती फक्त दुसरी वेळ. त्या रात्री मी घरी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून डिसेंबरची पानं पुन्हा वाचली. सगळं तिथे होतं. पोरांवर मला राग आला नाही, ती एकोणीस वर्षांची होती. मला वाईट वाटलं ते याचं की मी निकालापुढे माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही.

पुढच्या वर्षी पेंटरनी सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्सला आणलं, बॉल सांभाळणारा आणखी एक अनुभवी गार्ड. त्या नोव्हेंबरात माउईची स्पर्धा वणव्यांमुळे होनोलुलूत झाली. मी तिथल्या तीनही मॅचमध्ये पहिल्यांदा लाल रकानाच भरला. गोंझागा, टेनेसी, मार्केट, तिघांनी दबाव टाकून पाहिला, तिघं हरले. १ डिसेंबरला नॉर्थवेस्टर्नकडे जादा वेळात ९२-८८ हरल्यावर माझ्या ऑफिसातले लोक "पुन्हा तेच" म्हणत होते. वही सांगत होती, तेच नाही. त्या वर्षी संघ बाहेरून ४० टक्क्यांच्या वर फेकत राहिला आणि एप्रिलमध्ये ग्लेनडेलला अंतिम सामना खेळला. तिथे यूकॉन, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठ, सरस होतं, ७५-६०.

क्रमवाऱ्या कधी आणि किती मानायच्या

एपीची क्रमवारी पत्रकारांच्या मतांची असते. सुरुवातीला तिच्यात मागच्या वर्षाची आठवण आणि खेळाडूंच्या नावाचं वजन फार. २०२२-२३मध्ये नॉर्थ कॅरोलिना मोसमाआधी पहिल्या क्रमांकावर होतं. मागच्या वर्षीचा अंतिम सामना खेळलेल्या पाचातले चार परतले होते. त्या संघाला एनसीएए स्पर्धेत, म्हणजे मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत, जागाच मिळाली नाही. १९८५ला स्पर्धा ६४ संघांची झाल्यापासून मोसमाआधीच्या अव्वल संघाचं असं कधी झालं नव्हतं. आणि विजेतं ठरलेलं यूकॉन त्याच ऑक्टोबरात पहिल्या पंचविसात नव्हतं. यूकॉनची गंमत पुढे आहे. १४-० सुरुवात, मग आठपैकी सहा हार, मग विजेतेपद. त्या सहा हारींत त्यांचे रिबाउंडचे आकडे ज्यांनी बघितले, ते घाबरले नसतील.

पॉमरॉय यांची क्रमवारी शंभर पझेशनमागच्या गुणांवर चालते आणि समोरच्याची ताकद धरते. पण नोव्हेंबरात तिच्यात मोसमाआधीचा अंदाज मिसळलेला असतो, तो हळूहळू विरत जातो. त्यामुळे संघ एका हारीनंतर दोनच जागा खाली आला तर संगणकाला काही कळत नाही असं म्हणू नका, तो धीर धरतो आहे. बार्ट टोर्विक यांच्या साइटवर तारखा निवडून तेवढ्याच मॅचचे आकडे बघता येतात, तेही पैसे न देता. डिसेंबरच्या आरंभी एनसीएएची नेट क्रमवारी पहिल्यांदा येते. मार्चमधली निवड समिती २०१८-१९पासून ती समोर ठेवते. तिच्या चार गटांतला पहिला गट सगळ्यात मोलाचा: घरी पहिल्या ३०मधल्या, तटस्थ ठिकाणी ५०मधल्या, परक्या घरी ७५मधल्या संघाशी झालेल्या मॅच. यातली मेख अशी की समोरच्याचा क्रमांक बदलला की तुमचा जुना विजयही गट बदलतो. नोव्हेंबरात हरवलेला संघ फेब्रुवारीत चढला तर तुमचं पुण्य वाढतं. म्हणून आपण ज्यांना हरवलं त्यांच्याही मॅच मनापासून बघा आणि त्यांना टाळ्या द्या.

निकाल कधी द्यायचा

नाताळच्या सुट्टीत. तोवर अकरा-बारा मॅच झालेल्या असतात, बिग टेनच्या, म्हणजे पर्ड्यूच्या स्वतःच्या कॉन्फरन्समधल्या (साखळीतल्या), दोन धरून. भाच्याने आपला हिशेब २१ डिसेंबरच्या रात्री मांडला, त्याच दिवशी बर्मिंगहॅममध्ये ऑबर्नने आम्हाला ८७-६९ हरवलं होतं. ८ विजय, ४ पराभव. चारही हारी मी त्याला एकेक करून त्याच्या वहीतून वाचायला लावल्या. पेन स्टेटकडे बॉल हातातून सुटत राहिला होता, तो एका रात्रीचा प्रकार की सवय, हे पुढे बघायचं. टेक्सस ए अँड एमविरुद्ध चार गुणांची हार, तटस्थ ठिकाणी, म्हणजे जवळपास बरोबरी. पण एक रकाना सगळ्या पानांवर सारखा होता: समोरचे दोन गुणांच्या फेकी फार सहज टाकत होते. आत शिरणाऱ्याला अडवणारं कोणी नव्हतं. आणि दुसरा सारखा रकाना आनंदाचा. स्मिथ आणि कॉफमन-रेन यांची दोघांची जुगलबंदी कोणत्याही बचावापुढे चालत होती.

त्याने खाली लिहिलं, "आक्रमण पहिल्या दहात बसेल असं. बचाव आतून पोकळ. स्पर्धेत दोन मॅच जिंकू, तिसरी कठीण." मी त्याला तारीख घालायला सांगितली.

पुढे स्मिथ बिग टेनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, कॉफमन-रेनने मॅचला वीसवर गुण काढले. स्पर्धेत दोन मॅच जिंकल्या. तिसरी, इंडियानापोलिसमध्ये ह्यूस्टनशी, ६२-६० हरलो. शेवटचा बास्केट रिंगमागच्या रेषेबाहेरून आत टाकलेल्या बॉलवर झालेला लेअप, म्हणजे रिंगजवळची सोपी फेक, होता, ०.९ सेकंद शिल्लक असताना. भाचा माझ्या शेजारीच बसला होता. काही बोलला नाही, माझा हात घट्ट धरून ठेवला.

वही भरताना एक गोष्ट पाळा. तीत खेळाडूचं काम लिहा, त्याच्याबद्दल वाईटसाईट लिहू नका. आणि जे वहीत लिहिलंत ते त्याच्या मोबाइलवर पाठवू नका. हल्ली पैज हरलेले लोक या पोरांना मॅचनंतर शिव्या पाठवतात. माझ्या भाच्याच्या वयाची पोरं आहेत ती, सकाळी त्याच्याच वर्गांत जाऊन बसतात.

आणि जानेवारीचं पान वेगळं काढा, डिसेंबरच्या खाली जोडू नका. २०२४पासून बिग टेनमध्ये अठरा संघ आहेत, लॉस एंजेलिस, सिअॅटल, ऑरेगॉनपर्यंत प्रवास. तीन तास मागच्या घड्याळात, दोन रात्रींत दोन शहरं केलेल्या संघाची मॅच बघताना त्या रकान्याच्या शेजारी विमानाचे तासही लिहायला मी यंदापासून सुरुवात केली आहे. बाबांनी सुचवलं. जिल्हा स्पर्धेला चंद्रपूरहून रात्रभर बसने येणाऱ्या पोरांच्या शीटवर ते कोपऱ्यात पेन्सिलने "प्रवास" असं लिहून ठेवायचे.